एक्केचाळिसावा प्रश्न

एक्केचाळिसाव्या प्रश्नापाशी सांतिंगची पेन्सिल थांबली. प्रश्न अवघड नव्हता. तसा तो अख्ख्या पेपरातला सगळ्यात सोपा असावा. २३० व्होल्टचं दोन तारांचं सर्किट आहे, दोन्हीपैकी एकही तार जमिनीशी जोडलेली नाही, तर ते तोडायला ब्रेकर किती पोलचा लागेल? खाली चार उत्तरं आणि प्रत्येकासमोर भरायचा गोल. उत्तर दोन, प्रत्येक तारेला एक पोल. हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तरी पेन्सिलीचं टोक गोलाच्या वर गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर तसंच राहिलं आणि तर्जनीतून कोपरापर्यंत काहीतरी सरकत गेलं. करंट बसल्यावर जातं तसं, पण हळू. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला लहानमोठे कितीतरी झटके बसले होते. त्यांची त्याला ओळख होती. झटका बसला की हात आपोआप मागे येतो. हा हात मागे येईना, पुढेही जाईना.

खोली चौथीच्या वर्गाची होती. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे त्याचे गुडघे फळीला टेकत होते आणि पोट किंचित आत ओढून बसावं लागत होतं. कुणी पाहून लिहू नये म्हणून भिंतीवरचे तक्ते तपकिरी कागदाने झाकले होते, पण एका तक्त्याचा कोपरा सुटला होता आणि तिथून एक ढग आणि खाली येणारे निळे बाण दिसत होते. वर पंखा एका बाजूला कलून फिरत होता. कपॅसिटर गेलाय, त्याच्या मनात आलं, आणि एका पात्याचा स्क्रूही सैल आहे. त्याची मुलगी रोवेना अशाच एका वर्गात शिकवत असे. वर्षभर तिने त्याला रोज संध्याकाळी शिकवलं होतं, चौथीच्या मुलांना शिकवावं तसं, मुगाचे दाणे टेबलावर मांडून. "बाबा, हे पाच दाणे आत गेले. इथे वाट फुटली. या बाजूला दोन गेले. मग त्या बाजूला?" "तीन." "मग हेच तर आहे सगळं. ग्रीक अक्षरांना काय घाबरता?" तो चुकला की कागद चुरगाळायचा. ती कागद सरळ करून पुन्हा पुढे ठेवायची. "खोडायचं. फाडायचं नाही. फाडलं की कुठे चुकलं तेच कळत नाही." वर्गात ती हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणत असणार. सांतिंगला मात्र ते दर वेळी आपल्यासाठीच म्हटल्यासारखं वाटायचं आणि तो खाली बघून मूग गोळा करायला लागायचा.

मास्टर इलेक्ट्रिशियनच्या परवान्याची ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा गणितात गेला. दुसऱ्यांदा अडुसष्ट पडले, सत्तर हवे होते. ज्या चौतीस मजली इमारतीची वीज तो एकोणीस वर्षं सांभाळत होता, तिथे आता नियम आला होता की तपासणीच्या कागदावर परवानाधारकाचीच सही हवी. जूनपर्यंत परवाना आला तर सही सांतिंगची, नाहीतर एक चोवीस वर्षांचा पोरगा येणार होता, ज्याला तळघरातल्या मुख्य पॅनेलचा वास कसा असतो हेही माहीत नव्हतं. पण नोकरीपेक्षाही दुसरंच काहीतरी सांतिंगच्या मनात होतं, जे त्याने बायकोलाही, नेल्दालाही सांगितलं नव्हतं. त्याला एकदा स्वतःच्या नावाने लिहायचं होतं: मी तपासलं, हे सुरक्षित आहे, हात लावा. आजवर त्याच्या प्रत्येक कामाखाली कुणा ना कुणा इंजिनियरची सही होती. आणि जे एक काम पूर्णपणे त्याचं होतं, त्याच्याखाली कुणाचीच नव्हती.

अर्जाबरोबर अनुभवाची यादी जोडायची असते. कुठलं वर्ष, कुठलं काम, सगळं लिहायचं, मग इंजिनियर त्यावर सही करतो. यादी रोवेनाने टाइप केली. करता करता ती थांबली. "बाबा, तुम्ही आंतिकेहून मनीलाला आलात ते वर्ष रिकामं कसं? वर्षभर काय मासे पकडत होतात का इथे?" तो म्हणाला, "आठवत नाही." ती हसली. "तुम्हाला? तुम्हाला तर एकोणीसशे नव्वद सालच्या स्क्रूची किंमत आठवते." त्याने विषय बदलला. यादी दुसऱ्या कामापासून सुरू झाली.

पहिलं काम म्हणजे मनीलातल्या सान हुआनमधलं ते हिरव्या फाटकाचं घर. तो आणि पोन्सो एकाच गावचे, एकाच बोटीतून आलेले. पोन्सो वर्षाने लहान, म्हणून गावाकडच्या रीतीने त्याला मानोंग म्हणायचा, मोठा भाऊ. म्हणायचा मात्र चिडवल्यासारखं. "मानोंग, बोटीत उलटी तू केलीस, आणि मोठा भाऊ तू?" वायरिंग दोघं आपल्या बेटावरच, आंतिकेतच शिकले होते. बेटावर दोन तारांपैकी एक जिवंत असते आणि एक मेलेली. जिवंत तेवढी तोडली की काम भागतं. तिथे लहान पोरांनाही हे माहीत असतं, जसं कुठल्या बाजूने लाट येते ते माहीत असतं. मनीलाच्या त्या भागात मात्र दोन्ही तारा जिवंत असतात. कुणीतरी त्यांना हे सांगितलं असणारच. कदाचित मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं असेल, त्याच्या भरभर बोलीत, आणि या दोघांनी भाषा कळत नाही हे दिसू नये म्हणून मान हलवली असेल. सांतिंगला नंतर पुष्कळदा ती मान हलवणं आठवायचं. किती सोपं असतं ते. रोवेना सांगते, वर्गात जी पोरं सगळ्यात जोरात मान हलवतात त्यांनाच मी उभं करते.

परसातल्या पाण्याच्या पंपाची लाइन सांतिंगने एकट्याने टाकली. ब्रेकर एका पोलचा. एक तार त्यातून नेली आणि दुसरी, मेलेली समजून, सरळ. पेटीत चार ब्रेकर होते, कुणावर नाव नाही. दोन आठवड्यांनी पंप अडला. पोन्सोच आत गेला, ब्रेकर पाडून म्हणजे बंद करून आला, ओल्या फरशीवर अनवाणी बसला, मोटरचं झाकण काढलं आणि डावा हात आत घातला. तो ओरडला नाही. हे लोकांना सांगून पटत नाही, पण करंटने धरलेला माणूस ओरडत नाही. नळाखालची बादली भरून वाहत होती आणि पोन्सोची टाच फरशीवर पटपट पटपट आपटत होती, एवढाच आवाज. सांतिंग आत धावला आणि मुख्य खटका खाली ओढला. ओढता ओढता त्याला दिसलं. वरून दुसरा ब्रेकर, पंपाचा, खाली होता. पोन्सोने बरोबर तोच पाडला होता.

पंखा कलून फिरत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने पान उलटलं. सांतिंगला त्या पानाचा वारा लागला. पुढे काय झालं ते तो रोज आठवत नसे. महिना महिना आठवत नसे. पण आठवलं की नेहमी एकाच जागेपासून आठवे: पोन्सोला शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेलं होतं, मुकादम फाटकातून आत येत होता, त्याच्या चपलांचा आवाज जवळ येत होता, आणि सांतिंग पेटीसमोर उभा होता. तेवीस वर्षांचा. खिशात गाव सोडताना आईने शिवून दिलेली छोटी पिशवी. त्याने उजव्या हाताची तर्जनी वरून दुसऱ्या ब्रेकरखाली घातली आणि तो वर केला. टक. दाणा सोलायला लागेल तेवढाच जोर. मुकादम आला, पेटीत बघितलं, कपाळावर हात मारला. "हा बघ. पंपाचा चालूच आहे! चुकीचा पाडला गाढवाने." सांतिंगने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाच्या नकळत तिथे दोन पोलचा ब्रेकर बसवला, आणि त्यानंतर आयुष्यात एकदाही त्याची चूक झाली नाही. तपासल्याशिवाय तो साध्या बल्बच्या होल्डरलाही हात लावत नसे. लोक म्हणत, सांतिंगसारखा सांभाळून काम करणारा माणूस नाही. ते ऐकून तो हत्यारं भरायला लागायचा.

पोन्सोच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जळाली आणि पुढे वळेनाशी झाली. वायरमनचं काम सुटलं. त्याने शाळेच्या कोपऱ्यावर पेजेची टपरी घातली. कोंबडी, आलं, वर तळलेला लसूण. ढवळायला उजवा हात पुरतो. गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगायचा, "चार ब्रेकरांतून ज्याला एक ओळखता आला नाही त्याने पेजच ढवळावी. पेजेत चुकीचा चमचा असा नसतोच." लोक हसायचे. सांतिंगही तिथे बसून कितीदा हसला होता. टपरीचं वायरिंग त्याने फुकट केलं, पोन्सोच्या घराचंही. पोन्सो म्हणायचा, "मानोंग, तू माझ्यासाठी एवढं करतोस, तुझा काही गुन्हाबिन्हा आहे का?" आणि स्वतःच खो खो हसून वाटीत जास्तीचं अंडं सोडायचा.

"काका, बरं वाटत नाहीये का?" पर्यवेक्षक बाई जवळ येऊन वाकल्या होत्या. शाळेतल्याच शिक्षिका असाव्यात, बोटांना खडू होता. "पाणी आणू?"

"नको, मॅम. ठीक आहे."

"मग पान उलटा की. पंधरा मिनिटं झाली, मी बघतेय, एकाच प्रश्नाला मांडी घालून बसलात. येत नसेल तर सोडा, पुढचा घ्या."

"येतंय," तो म्हणाला. "येतंय म्हणूनच."

बाईंना काय कळायचं ते कळलं. त्या हलकेच म्हणाल्या, "येतंय तर भरा, बाबा," आणि दुसऱ्या रांगेत गेल्या. पंधरा मिनिटं. अजून एकोणसाठ प्रश्न होते. सांतिंगने पेन्सिलीकडे पाहिलं. ती पोन्सोने दिली होती. परीक्षेच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये पेन्सिलींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात, त्या रांगेत पोन्सो दोन तास उभा राहिला होता, आणि घरी येऊन त्याने ती चाकूने तासली होती, ताठ बोटांनी दाबून धरून. टोक थोडं वाकडं होतं. "मानोंग, पेपर संपला की फाटकाबाहेर मोडून टाक हं. न मोडता घरी नेलीस तर पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. आणि तुला गणित शिकवून शिकवून माझी पुतणी म्हातारी होईल." त्या वाकड्या टोकाने सांतिंगने दोन क्रमांकाचा गोल भरला. कडेपर्यंत नीट, बाहेर न जाता, रोवेनाने शिकवलं तसा. गोल भरून झाल्यावर हात मोकळा झाला. इतका मोकळा झाला की पुढचे एकोणसाठ प्रश्न त्याने एखादी ओळखीची इमारत जिना जिना उतरावी तसे सोडवले. आणि उतरता उतरता, कुठल्या तरी मजल्यावर, त्याचं ठरून गेलं.

फाटकाबाहेर काटक्या मोडल्यासारखा आवाज चालला होता. पोरं-पोरी हसत पेन्सिली मोडत होती, तुकडे गटारात उडवत होती, कुणाच्या आया डबे उघडत होत्या. पोन्सो आंब्याच्या झाडाखाली उभा होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पेजेचं भांडं काखेत धरून.

"ये, ये! चेहरा असा का? गणिताने पुन्हा मारलं?"

"गणित सकाळीच झालं. बरं गेलं."

"मग मोड ना पेन्सिल. माझा हात दुखला ती तासताना."

"थांब जरा," सांतिंग म्हणाला. "बस."

झाडाभोवतीच्या कट्ट्यावर दोघं बसले. सांतिंगने हॉल तिकिटाची मागची बाजू गुडघ्यावर ठेवली आणि दोन समांतर रेघा काढल्या. त्याला दुसरी कुठली रीत माहीत नव्हती. रोवेना अवघड गोष्ट नेहमी चित्र काढून सांगते. रेघांच्या एका टोकाला त्याने गोल काढला, त्यात पंप लिहिलं. एका रेघेवर ब्रेकर काढला. "हा पाडला. ही रेघ तुटली. आता ही दुसरी कुठे गेली?"

पोन्सोने एकतीस वर्षांत हातात टेस्टर धरला नव्हता. तो चित्राकडे बघत राहिला. गंमत आहे असं समजून सुरुवातीला ओठांवर हसू होतं. "सरळ गेली. पंपापर्यंत." मग म्हणाला, "पण ती मेलेली असते."

"बेटावर मेलेली असते."

प्रवाशांनी भरलेली एक जीपनी धूर सोडत गेली. पोन्सोने बोट रेघेवर ठेवलं, ताठ बोट, आणि पंपापर्यंत नेलं. परत मागे आणलं.

"ही लाइन तू टाकली होतीस."

"हो."

"म्हणजे मी पाडला तो बरोबर होता? वरून दुसरा?"

"वरून दुसरा. मी पाहिला. खाली होता."

"मुकादम तर म्हणाला, वर होता." पोन्सोचा आवाज अगदी साधा होता, शाळेतल्या पोराने शंका विचारावी तसा. "मग वर कुणी केला?"

सांतिंगने उजवी तर्जनी नुसती उचलली. शपथेला हात उचलतात तेवढी उंच.

पोन्सोने कागदावरचं बोट उचलून घेतलं. म्हणाला, "रोज मोजतो मी. पेज ढवळताना. वरून दुसरा की खालून दुसरा. एकतीस वर्षं. बायकोला वाटतं मी वाट्या मोजतो." तो उठला. भांडं उचललं. सांतिंग पेन्सिल मोडायला गेला, हातांना काहीतरी करायचं म्हणून, तशी पोन्सोने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या कानावर खोचली. "मोडू नकोस. काम कुठे संपलंय?" आणि तो गेला. पेज न देता.

चौथ्या दिवशी यादी लागली. रोवेना मोबाइल घेऊन गल्लीतून ओरडत आली. तुपास, क्रिसान्तो, सांतिंगचं कागदावरचं नाव. चौऱ्याहत्तर. नेल्दा रडली, मग रडता रडताच नूडल्स करायला लागली. शेजाऱ्यांनी त्याच्या फोटोचा फलक छापून घराच्या तोंडाशी टांगला. फोटोतला सांतिंग उगाच धीट दिसत होता. सगळी गल्ली जेवून गेली. पोन्सो आला नाही. नेल्दाने दोनदा विचारलं. "भांडलात का?" तो म्हणाला, "नाही. भांडण व्हायला दोघं लागतात." रात्रीपर्यंत त्याला चार लोकांनी विचारलं की आता कसं वाटतंय, आणि त्याने चौघांनाही छान वाटतंय म्हणून सांगितलं. त्याला वाटत होतं की कुठेतरी एक पोल अजून तुटलेला नाही. अर्धं घर बंद आहे आणि अर्ध्यात करंट आहे.

पुढच्या मंगळवारी दुपारी पोन्सो दारात उभा. कानावर पेन्सिल. फलकाकडे मान वर करून बघत. "मास्टर इलेक्ट्रिशियन इथेच राहतात का? फोटोवरून तर कुणी नगरसेवक वाटतात." तो हसत नव्हता. "माझ्या टपरीची पेटी तपासायची आहे. हत्यारं घेऊन ये."

टपरीत गिऱ्हाईक नव्हतं. मोठं पातेलं झाकलेलं होतं. सांतिंगने पेटीचं झाकण काढलं. आत एकच ब्रेकर, त्यानेच नऊ वर्षांपूर्वी बसवलेला, दोन पोलचा. पोन्सो खांद्यावरून वाकून बघत होता. "दोन्ही तोडतो ना हा?"

"दोन्ही."

"म्हणजे हा बसवताना तुला माहीत होतं. आणि इथे बसून पेज खात होतास."

"हो."

"अंडंसुद्धा."

"हो, पोन्सो."

पोन्सोने नाकाने श्वास सोडला. मग हात पुढे करून त्याने स्वतःच ब्रेकर पाडला, उजव्या हाताने, आणि मागे सरकला. "एकच आहे. आता तरी माझं चुकायला नको. बघ."

सांतिंगने टेस्टर आधी बाहेरच्या चालू तारेवर लावून पाहिला, दिवा लागतो ना म्हणून. लागला. मग ब्रेकरपुढची एक तार. दिवा नाही. दुसरी तार. दिवा नाही. पुन्हा पहिली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. "बंद आहे," तो म्हणाला.

"लिहून दे." पोन्सोने कानावरची पेन्सिल काढली. "झाकणाच्या आत. नाव, तारीख. तुझी सही चालते ना आता?"

पत्र्यावर पेन्सिल नीट उठत नव्हती. सांतिंगने दाबून लिहिलं. तपासले. दोन्ही तारा बंद. क्रिसान्तो तुपास. वाकडं टोक शेवटच्या अक्षराला तुटलं. पोन्सोने झाकण उजेडात धरून सगळं वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मग झाकण खाली ठेवलं.

"थांब, एकदा परत बघतो," सांतिंग म्हणाला, आणि टेस्टर उचलू लागला. पण तोवर पोन्सोने डावा हात पेटीत घातला होता, आणि न वळणारी ती दोन बोटं ब्रेकरपुढच्या त्याच तपासलेल्या, उघड्या तारेवर ठेवली होती.